वासरांची शाळा

मठ्ठ माणसास ‘बैलोबा’ म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. जर्मनीतील डुमरस्टॉर्फच्या पशुसंशोधन संस्थेत झालेला, 2021 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ती मोडावयास लावणारा आहे. तेथे 16 वासरांना ठरलेल्या जागीच मूत्रविसर्जन करण्यास शिकविले. साधले तर खाऊ, चुकले तर पाण्याचा फवारा. काही दिवसांतच 11 वासरे तरबेज झाली! ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. शेण व मूत्र मिसळले की अमोनिया सुटतो आणि हवा-पाणी नासते. ती वेगळी राखली तर हे बरेच टळते. मात्र प्रत्येक वासरास स्वतंत्र शिकवणी द्यावी लागली. शेकडो गुरांच्या गोठ्यात तेवढी उसंत कोणास? गुरांच्या अकलेविषयी आम्हांस शंका उरलेली नाही. मालक आणि सरकारे या शिकवणीचा खर्च उचलणार काय, हे पाहावयाचे आहे.