मराठी वाक्य अख्खं हवं

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१३ साली ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा श्रीकर परदेशी आयुक्त होते. फोन माणूस उचलायचा. आकुर्डीतून कुणी ‘नळाला पाणी नाय आलं’ म्हटलं तरी त्याला ते कळायचं. आता अशी कामं चॅटबॉटकडे चालली आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार’ पोर्टलच्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी मेटाशी करार केला. रांगेतला वेळ वाचणार असेल तर स्वागतच आहे. बॉटचं मराठी मात्र मला अस्वस्थ करतं.

परवा एका बॉटने मला कळवलं, ‘तुमचा तक्रार नोंदवला आहे.’ अर्ज केला असता तर हेच वाक्य बिनचूक ठरलं असतं. प्रोग्रामरने इंग्रजी वाक्यात एक रिकामी जागा ठेवली. तिथे कधी अर्ज, कधी तक्रार येऊन बसते. इंग्रजीला त्याने काही होत नाही. मराठीत अर्ज नोंदवला जातो, तक्रार नोंदवली जाते, नाव नोंदवलं जातं आणि त्याआधीचं ‘तुमचा’ही बदलतं. विभक्तीचं तर विचारूच नका. त्या जागेपुढे ‘चा’ चिकटवून ठेवला की ‘दाखलाचा क्रमांक’ तयार!

यात भाषांतर करणाऱ्याची चूक नसते. त्याच्या हाती एक्सेलच्या रकान्यात सुटे शब्द पडतात, वाक्य दिसतच नाही. वास्तविक साधनं कधीची तयार आहेत. गेटटेक्स्टमध्ये सगळी भाषांतरित वाक्यं कोडबाहेर, वेगळ्या फाइलीत राहतात. आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या मेसेजफॉरमॅटमध्ये प्रत्येक लिंगासाठी वेगळं, पूर्ण वाक्य लिहिता येतं. मराठी तारखा, अनेकवचनाचे नियम, लाख-कोटींचे स्वल्पविराम युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात आयते मिळतात. भाषेचा संकेत हिंदीऐवजी मराठीचा दिला, तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’सुद्धा आपल्या वळणाचे उमटतात. हे सगळं बॉट लिहायला घेतानाच करायचं असतं. मागाहून करायचं तर अर्धा कोड उसवावा लागतो.

बॉटला आपलं बोलणं समजणं ही आणखी अवघड बाजू. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली माणसं शेजारी राहतात. त्यातले कितीतरी जण मराठी रोमन लिपीत टाइप करतात, तेही प्रत्येकाच्या मनाच्या स्पेलिंगने. नुसत्या प्रमाण मराठीवर तपासलेला बॉट त्यांना ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच सांगत राहील.

महापालिकेने बॉटच्या निविदेतच तीन अटी घालाव्यात: मराठी वाक्यं वेगळ्या फाइलीत असावीत, प्रोग्रामरला न बोलावता ती दुरुस्त करता यावीत, आणि बॉट सुरू करण्याआधी खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाने प्रत्येक वाक्य वाचावं. आणि आकुर्डी-निगडीच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बॉट बनवणाऱ्या मुलामुलींनो, मराठीची फाइल पहिल्याच दिवशी उघडा.