पट्टी सोनेरी, पाठ पुठ्ठ्याची

फ्रेम करायला गेलेला माणूस दुकानात काय करतो ते कधी नीट पाहिलंय? तो सरळ भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांकडे जातो. सोनेरी की सागवानी रंगाची, एक इंच की दीड, नक्षीची की साधी, यावर घरातली तीन माणसं वीस मिनिटं चर्चा करतात. मग दुकानदार विचारतो, "माउंट कुठला?" आणि उत्तर येतं, "क्रीम. किंवा मरून. पट्टीला मॅच होईल तो." मागे काय लावणार, हे तर कुणी विचारतच नाही. मागची बाजू भिंतीकडे असते ना, कोण बघतंय!

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. पट्टी कुठलीही घ्या, स्वस्तातली घ्या. पण जो पुठ्ठा चित्राला चिकटून पुढची तीस वर्षं राहणार आहे त्याच्यावर पैसे खर्च करा. पट्टी आवडली नाही तर बदलता येते. पुठ्ठ्याने खाल्लेला कागद परत मिळत नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण घरगुती आहे. डोंबिवलीची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि भिंतीवरच्या अकरा फ्रेम्स चुलत-आत्ये भावंडांत वाटल्या जाणार आहेत. (ठाणे-कल्याण पट्ट्यात सध्या कुणाच्या ना कुणाच्या घरी हेच चाललंय, त्यामुळे बाकीच्या वाचकांनाही उपयोग व्हावा.) फॅमिली ग्रुपवर ठराव पास झालेला दिसतो की सगळ्या फ्रेम्स नव्या करून घ्यायच्या, एकसारखी पट्टी, म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये शोभतील. मंडळी, जरा थांबा. आधी हे वाचा, मग दुकानात जा.

त्या अकरांत आजी-आजोबांचा लग्नातला फोटो आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तो एका दुकानात दिला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तो माणूस इतर दहा जण करतात तेच करत होता. त्याने फोटो पांढऱ्या डिंकाने सरळ हार्डबोर्डवर चिकटवला आणि वरून साधा माउंट लावला. आज त्या माउंटच्या खिडकीच्या कडेने फोटोवर चारी बाजूंनी तपकिरी रेघ आली आहे. आजीच्या पदराचा काठ कुठला आणि डाग कुठला ते कळत नाही. निगेटिव्ह केव्हाच गेली, त्या फोटोची दुसरी प्रत कुठेच नाही.

ही रेघ येते कशी? साधा माउंटबोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो. लाकडात लिग्निन असतं. झाडाला ताठ उभं ठेवायचं काम ते उत्तम करतं, पण कागदात राहिलं तर उजेड आणि हवेने पिवळं पडतं आणि आम्ल तयार करतं. वर्तमानपत्र खिडकीत ठेवलं की चार दिवसांत पिवळं होतं, ते यामुळेच. त्यात एकोणिसाव्या शतकापासून कागदाला शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरायची पद्धत पडली. दमट हवेत ती तुरटीही आम्ल सोडते. हे आम्ल पुठ्ठ्यात गप्प बसत नाही, शेजारच्या कागदात उतरतं आणि त्याचे तंतू तोडतं. माउंटची खिडकी तिरकी कापलेली असते, तिथे पुठ्ठ्याचा गाभा उघडा पडतो. म्हणून पहिली रेघ बरोबर तिथे उमटते.

"पण आमचा दुकानदार ॲसिड-फ्री बोर्ड वापरतो!" हो, हल्ली ठाण्यात काय नि कल्याणात काय, हा शब्द सगळ्यांना माहीत झालाय. अडचण अशी की हा शब्द बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवसाबद्दल बोलतो. लाकडाच्याच लगद्यात कॅल्शियम कार्बोनेट (खडूतलं तेच) घातलं की बोर्ड आम्लरहित होतो. पण लिग्निन आत असेल तर ते आम्ल करतच राहतं, आणि खडू संपला की बोर्ड पुन्हा मूळपदावर. म्हणून "ॲसिड-फ्री आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "लिग्निन काढलेलं आहे का? आणि फक्त वरचा कागद चांगला आहे की आतला गाभाही?" असं विचारा.

ब्रिटनमध्ये फाइन आर्ट ट्रेड गिल्ड नावाची १९१० सालची व्यापारी संघटना आहे. तिने बोर्डांच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. सगळ्यात वर कॉटन म्युझियम, म्हणजे कापसाच्या तंतूंचा. मग कॉन्झर्व्हेशन, म्हणजे लाकडाचाच पण लिग्निन काढून शुद्ध केलेला लगदा. आणि मग स्टँडर्ड, म्हणजे आपला नेहमीचा. नुसता बोर्डच नाही, अख्ख्या फ्रेमिंगच्याही त्यांनी पाच पातळ्या केल्या: म्युझियम, कॉन्झर्व्हेशन, कमेंडेड, बजेट आणि मिनिमम. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी कालावधी सांगितला आहे. म्युझियम पातळीचं काम साधारण ३५ वर्षं संरक्षण देईल, कॉन्झर्व्हेशन साधारण २०, कमेंडेड साधारण ५. तेही "सर्वसाधारण परिस्थितीत". कायमचं कुणीच म्हणत नाही.

आता ही सर्वसाधारण परिस्थिती कुणाची? जिथे मानक लिहिलं गेलं तिथली. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला साधारण ६५-७० टक्केही पुरतात. एका बाजूला खाडी, दुसरीकडे उल्हास नदी, आणि इमारतीची पश्चिमेची भिंत आतून ओली. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूर भागात घराघरांत पाणी शिरलं ते आठवतंय ना? २०१९ च्या जुलैत त्याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. अशा ठिकाणी आयात केलेला महागडा कॉटन बोर्ड घेऊन फ्रेम ओल्या भिंतीला चिकटवून टांगली, तर ती फॅशन झाली, जतन नाही. नुसतं बोर्डचं नाव पाहून निर्धास्त होणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. मानक घ्यावं, पण ते आपल्या हवेत उतरवून घ्यावं.

म्हणजे काय करायचं? फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची किंवा बुचाची बटणं लावायची, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळतो. पश्चिमेच्या आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर कागदाची कुठलीच वस्तू नको. मागची बाजू टेपने नीट बंद हवी, नाहीतर कसर आत शिरते आणि तिला डिंक फार आवडतो. आणि पावसाळ्यात फ्रेम करायचीच नाही! कागद आणि पुठ्ठा हवेतलं पाणी पितात. जुलैत बंद केलेली फ्रेम म्हणजे जुलै आत कोंडल्यासारखं. हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

दर्जा ठरवताना एकच प्रश्न पुरे आहे असं माझं मत. वस्तू किती किमतीची, हे विचारू नका. पुन्हा मिळेल का, हे विचारा.

आता आपल्या अकरा फ्रेम्स घेऊ. भाच्याचं बक्षिसाचं प्रमाणपत्र आणि गावच्या देवळाचा छापील फोटो पुन्हा मिळू शकतात. तिथे साधा बोर्ड चालेल, उगाच खर्च नको. देवघरातली तसबीर तर वापरायचीच वस्तू आहे, काचेवर हळदकुंकू लागायचंच. मुळगावकरांचं कॅलेंडरवरचं चित्र एके काळी घरोघरी होतं, पण आता रघुवीर मुळगावकर जाऊन (१९७६) पन्नास वर्षं होत आली आणि ती छपाई पुन्हा होणार नाही. ते कॉन्झर्व्हेशन बोर्डात जावं.

लक्ष्मीची तसबीर रविवर्मा प्रेसची आहे, पणजीने तिच्यावर जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची ही चित्रं हजारो घरांत पोचली, म्हणून ती "सामान्य" आहेत असा समज आहे. पण पणजीच्या हातचे टाके असलेली प्रत एकच. या जुन्या तसबिरींच्या मागे पातळ लाकडी फळ्या असत, आणि दोन फळ्यांमधल्या फटीची रेघ कित्येकदा चित्रावर उमटलेली दिसते. म्हणजे धोका मागूनही येतो. तेव्हा पाठीलाही पुढच्याच दर्जाचा बोर्ड हवा. हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लावायचंच असेल तर त्याच्या मागे, चित्राला टेकवून नाही. आणि टिकल्यांना काच टेकू नये म्हणून आत उंची देणारी पट्टी लागेल.

काच टेकू नये हे फोटोंना जास्तच लागू आहे. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मग काच काढताना चेहरा काचेवर जातो. माउंट असतो तो यासाठीच, काच आणि फोटो यांत जागा राहावी म्हणून. शोभा नंतर. फोटोंसाठी आणखी एक चाचणी असते, फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट (आयएसओ १८९१६). आम्लरहित असूनही एखादा बोर्ड फोटो बिघडवू शकतो, ते यात कळतं. आणि आत्याकडे जुन्या घराचा निळा नकाशा आहे ना, त्याला उलट खडूवाला बोर्ड नको. तो निळा रंग अल्कलीने फिका पडतो.

उरला आजी-आजोबांचा फोटो. तो भिंतीवर नको, हे माझं ठाम मत, आणि यावर घरात वाद होणार हे माहीत आहे. मूळ फोटो हार्डबोर्डवरून सोडवायचं काम जाणकाराचं आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, निदान तिथे विचारून तरी बघू. तोवर चांगलं स्कॅन करून त्याची प्रत फ्रेम करा, हवी तेवढी सोनेरी पट्टी लावा, हार घाला. (ताज्या फुलांचा नको, पाणी ठिबकतं. चंदनाचा घाला.) "प्रतीला नमस्कार कसा करायचा?" असं काकू विचारतील. काकू, देवघरातली लक्ष्मीही छापीलच आहे की!

दुकानदारांना दोष देऊन भागणार नाही. चांगला बोर्ड महाग पडतो, मागितला जात नाही, म्हणून ठेवला जात नाही. तुम्ही मागा. फोटो डिंकाने किंवा सेलोटेपने चिकटवू देऊ नका. जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावायला सांगा, किंवा चारी कोपऱ्यांना कागदी खिसे. जे लावलं ते पाण्याने सुटलं पाहिजे, हा नियम. बोर्डाबद्दल शंका असेल तर एक तुकडा मागून घ्या, अर्धा झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. उघडा गाभा पिवळा पडला तर समजा. आणि प्रमाणपत्रांचं गरम लॅमिनेशन कृपा करून बंद करा, ते परत निघत नाही.

तर भावंडांनो, पुढच्या महिन्यात घर रिकामं होईल तेव्हा एकही फ्रेम दुकानात जाणार नाही. जुन्या सुती पातळात गुंडाळून, उभ्या, जमिनीपासून वर, कपाटात ठेवायच्या. प्लॅस्टिकमध्ये नाही, आत घाम येतो. दिवाळीनंतर एका रविवारी सगळे बसू आणि एकेक उघडू. नवी फ्रेम झाली की मागच्या कागदावर आधीच पेन्सिलीने तारीख, बोर्डाचा प्रकार आणि कशाने चिकटवलं ते लिहून ठेवायचं. वीस वर्षांनी ती जो उघडेल त्याला अंदाज बांधत बसायला नको.