मुख्य नोंदीची तारीख

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची वडिलोपार्जित शेती विदर्भात असावी, यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. आज अशा कुटुंबास गावी न जाता जमिनीचे उतारे संगणकावर पाहता येतात. परंतु दूर बसून पाहणाऱ्याचा सारा भरवसा उताऱ्यावर असतो; म्हणूनच तो ताजा आहे की शिळा, हे यंत्र कशावरून ठरवते, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रात सात-बारा हा एकेका गट क्रमांकाचा उतारा असतो, तर एका खातेदाराची गावातील सर्व जमीन आठ-अ मध्ये एकत्र दिसते. सात-बारास उपनोंद व आठ-अ ला मुख्य नोंद म्हणू. शेत विकले की फेरफार नोंदवहीत नोंद होते; ती प्रमाणित झाली म्हणजे सात-बारावरील जुने नाव कंसात जाते व नवे नाव फेरफार क्रमांकासह चढते. अर्थात आठ-अ मधील क्षेत्रही बदलले पाहिजे.

आता अशाच रचनेच्या एखाद्या संगणकीय माहितीसाठ्यात प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या बदलाची वेळ लिहिलेली आहे, असे समजा. शेताची नोंद बदलली. खात्याचा क्रमांक व खातेदाराचे नाव मात्र तेच राहिले. साहजिकच मुख्य नोंदीची वेळ जुनीच राहते. वेग साधण्यासाठी तयार उतारे जपून ठेवणारी यंत्रणा ती वेळ पाहते आणि कालचाच उतारा आज पुढे करते. विकलेले शेत त्यात शिल्लक दिसते. त्या आधारे वाटणीची बोलणी करणारा भाऊ फसतो, आणि तरीही कोणी खोटे लिहिलेले नसते.

यास्तव उपनोंद बदलताच मुख्य नोंदीची वेळही बदलावी, हेच योग्य. रूबी ऑन रेल्स या प्रणालीत अशा सोयीस ‘टच’, म्हणजे स्पर्श, म्हणतात. शेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले, तर दोन्ही खात्यांना हा स्पर्श व्हावा. आणि हे सारे एकाच अखंड व्यवहारात घडावे. घडले तर सर्व, नाही तर काहीच नाही.

यावर दोन आक्षेप येतात. हजार उपनोंदी बदलल्या तर मुख्य नोंद हजारदा लिहावी लागेल आणि इतर कामे तिच्यापाशी खोळंबतील, हा पहिला. तो खरा आहे; तथापि एकगठ्ठा बदलांच्या शेवटी एकदाच वेळ लिहिल्याने तो दूर होतो. खातेदाराचे नाव केव्हा बदलले हे मग कळणार नाही, हा दुसरा. त्यासाठी दोन वेळा वेगळ्या ठेवाव्यात: एक नोंदीच्या स्वतःच्या बदलाची, दुसरी तिच्या परिवारातील बदलाची.

यात यंत्रावर थोडा भार वाढेल. परंतु तो वाचवण्यासाठी शिळा उतारा ताजा म्हणून देणे, ही काटकसर नागरिकाच्या खिशातून केलेली असते.