सप्तमेश कोणत्या वेदात आहे?

१/
‘सप्तमेश अष्टमात’ एवढे दोन शब्द महाराष्ट्रातील कित्येक घरांत जुळत आलेली सोयरीक मोडायला पुरेसे ठरतात. पत्रिका परत येते. कारण विचारले तर उत्तर मिळते की हे वैदिक ज्योतिष आहे, ऋषींचे वचन आहे, येथे शंका घ्यायची नसते. या वाक्यातील ‘अष्टमात’ने अनिष्ट घडते की नाही, हा वाद तूर्त बाजूला राहू द्या. तपासायचा आहे तो ‘वैदिक’ हा शब्द, कारण शंका घेणाऱ्याचे तोंड बंद होते ते त्या शब्दाने.

२/
आधी यंत्रणा समजून घ्यावी लागेल. जन्मवेळी पूर्वक्षितिजावर जी राशी उगवत असते ती लग्नराशी. तोच पहिला भाव. तेथून क्रमाने बारा राशींचे बारा भाव होतात : तनू, धन, पराक्रम, सुख, संतती, रिपू, विवाह, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ, व्यय. प्रत्येक राशीला एक ग्रह स्वामी म्हणून नेमलेला असतो. ज्या भावात जी राशी पडेल, तिचा स्वामी हा त्या भावाचा भावेश.

मेष लग्न घ्या. सातवी राशी तूळ, तिचा स्वामी शुक्र. म्हणून शुक्र सप्तमेश. हा शुक्र आठव्या भावात, म्हणजे वृश्चिकेत असला, तर विवाहाचा कारभारी मृत्यूच्या घरी जाऊन बसला असे वाचले जाते. मालक जेथे जाईल तेथे घराचा कारभार जातो, हे भावेशविचाराचे सारे मर्म. त्याला आधार दोनच : राशींचे स्वामी आणि लग्नापासून मोजलेले भाव. हे दोन्ही वेदांत असतील तर वाद संपला.

३/
राशिस्वामींची मांडणी कागदावर काढून पाहावी. कर्क चंद्राची, सिंह सूर्याची. या जोडीच्या दोन्ही बाजूंना सरकत गेले की मिथुन आणि कन्या बुधाच्या, वृषभ आणि तूळ शुक्राच्या, मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, मीन आणि धनू गुरूच्या, कुंभ आणि मकर शनीच्या. पृथ्वी मध्यभागी मानून, गतीवरून ठरवलेला ग्रहांचा क्रम येथे दुमडून ठेवलेला आहे. अलेक्झांड्रियाचा टॉलेमी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ‘टेट्राबिब्लॉस’मध्ये याचे कारण देतो. कर्क आणि सिंह या राशी उत्तरेकडच्या, माथ्यावरच्या, म्हणून सर्वांत उष्ण. त्या सूर्यचंद्रांना दिल्या. शनी सर्वांत दूरचा आणि थंड. त्याला समोरच्या, हिवाळ्याच्या राशी दिल्या.

भूमध्य समुद्राच्या काठी हे कारण पटण्याजोगे आहे. कोकणात मात्र सूर्य कर्केत असतो तेव्हा पागोळ्या गळत असतात आणि उन्हाचा कहर वैशाखातच होऊन गेलेला असतो. भारतीय ऋतुचक्र पाहून कोणी ही वाटणी केली असती, तर तिचा तोल कर्क-सिंहाभोवती साधायला त्याला कारण सापडले नसते.

४/
हाच ग्रहक्रम वारांनाही जन्म देतो. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने दिवसाच्या चोवीस होरांना स्वामी नेमत गेले की सात-सातांची तीन आवर्तने पूर्ण होऊन तीन होरा उरतात. म्हणून शनीनंतरच्या दिवसाची पहिली होरा सूर्याची येते, त्यानंतरच्या दिवसाची चंद्राची. शनिवार, रविवार, सोमवार. वैदिक वाङ्मयात तिथी आहेत, नक्षत्रे आहेत. हे सात वार नाहीत. भारतात कोरीव लेखात वाराचा जुना, निश्चित उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातील एरण येथे, बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभावर : गुप्त संवत १६५, म्हणजे इसवी सन ४८४, गुरुवार.

५/
दुसरा आधार भावांचा. बारा समान भागांचे राशिचक्र बाबिलोनियात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात आकाराला आले. जन्माच्या वेळची ग्रहस्थिती नोंदवणाऱ्या तेथील सर्वांत जुन्या ज्ञात मृत्पट्टिका इसवी सनापूर्वी ४१० च्या आहेत. त्यांत ग्रह आहेत. लग्न नाही, बारा भाव नाहीत. उगवत्या राशीपासून आयुष्याची बारा स्थाने मोजण्याची रीत दिसते ती नंतर, ग्रीक भाषा बोलणाऱ्या इजिप्तमध्ये. दुसऱ्या शतकातील व्हेट्टियस व्हालेन्सच्या ग्रंथात लग्नाचा स्वामी कोणत्या स्थानी आहे ते पाहून फळ सांगितले जाते. आजचे ज्योतिषी ज्याला लग्नेशविचार म्हणतात तो तेथे ओळखीचा वाटावा.

६/
सर्वांत बोलका पुरावा मात्र शब्दांचा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या भावाला केंद्र म्हणतात. मूळ ग्रीक ‘केंट्रॉन’. त्यापुढच्या भावांना पणफर, मूळ ‘एपॅनाफोरा’. त्यापुढच्यांना आपोक्लिम, मूळ ‘अपोक्लिमा’. द्रेष्काणाचे मूळ ‘डेकॅनॉस’. चंद्राच्या आगेमागे ग्रह नसले की होणारा, ज्याच्या नावाने आजही लोकांना धडकी भरते, तो केमद्रुम योग; त्याचे मूळ ‘केनोड्रोमिया’, म्हणजे चंद्राची रिकामी धाव. संस्कृत व्याकरणात या शब्दांचे धातू शोधणाऱ्यांचे श्रम वाया गेले आहेत. (आणि ‘केंद्र’ आता इतके आपले झाले आहे की दिल्लीच्या सरकारापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत त्यावाचून कोणाचेच चालत नाही.)

ज्या सप्तम भावावरून सोयरिकी मोडतात, त्याचेच एक जुने नाव जामित्र. मूळ ‘डायामेट्रॉस’ : व्यासाच्या दुसऱ्या टोकाचे, लग्नाच्या अगदी समोरचे घर. हा शब्द कालिदासाच्या काळापर्यंत इतका रुळला होता की ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गाच्या आरंभी, प्रत्यक्ष पार्वतीच्या विवाहाची तिथी ठरवताना, कवी तो निःसंकोच वापरतो. शिवपार्वतीच्या लग्नात एक ग्रीक शब्द मांडवात आला आणि कोणाचा धर्म बुडाला नाही.

७/
मग वेदकाळी ज्योतिष नव्हते काय? होते. वेदांग ज्योतिष हा ग्रंथ उपलब्ध आहे. पाच वर्षांचे युग, सूर्य-चंद्रांच्या गती, सत्तावीस नक्षत्रे, अयने, पर्वकाळ हे त्याचे विषय. यज्ञ कोणत्या वेळी करावा, हे त्याचे प्रयोजन. मेषादी राशी त्यात नाहीत. राशी नाहीत म्हणून राशिस्वामी नाहीत, राशिस्वामी नाहीत म्हणून भावेश नाहीत. व्यक्तीच्या जन्मकाळावरून तिचे लग्न, संतती, मृत्यू सांगणे हा त्या ग्रंथाचा उद्योगच नव्हे.

हे सांगणारे सगळे परदेशी, अशी एक ओरड असते. शंकर बाळकृष्ण दीक्षित मुरूडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली पुण्यात मराठीत निघाला. भारतीय गणिती ज्योतिष ग्रीकांची नक्कल आहे असे म्हणणाऱ्या युरोपीय पंडितांशी त्यांनी कडकडून वाद घातला. त्याच दीक्षितांनी वेदकालीन वाङ्मयात मेषादी राशी व सात वार नाहीत हे स्वच्छ नोंदवून ठेवले. स्वदेशाभिमान आणि पुरावा एकाच दप्तरात ठेवता येतात.

८/
यावर हमखास पुढे येणारे नाव म्हणजे पराशर. ‘बृहत्पाराशरहोराशास्त्र’ या नावाने छापल्या जाणाऱ्या ग्रंथात बारा भावेश बारा भावांत असता काय फळ, अशी १४४ फळे दिलेली आहेत. आजच्या भावेशविचाराची ती मुख्य पेटी. ग्रंथ ऋषींच्या तोंडी घातला आहे, म्हणून तो ऋषींइतका जुना मानला जातो. पण वराहमिहिराचा थोर टीकाकार भट्टोत्पल दहाव्या शतकात सांगतो की पराशराची संहिता त्याने पाहिली आहे, जातकग्रंथ पाहिलेला नाही. तसा एक असल्याचे केवळ ऐकिवात आहे. भट्टोत्पल म्हणजे पूर्वसूरींच्या ग्रंथांचे उतारे देताना न थकणारा माणूस. ज्याच्या हाती न पोचलेला ग्रंथ आज कोणत्याही ज्योतिष्याच्या फडताळात सहज मिळतो, त्या ग्रंथाचे आजचे रूप वेदकालीन असल्याचा दावा करणाऱ्याने पुराव्याचा भार स्वतः उचलायला हवा.

९/
आता दुसऱ्या तंबूतील मंडळींकडे वळू. ‘सगळे ग्रीकांचे चोरलेले’ असे म्हणून हसणारेही इतिहास वाचत नाहीत. ‘यवनजातक’ हा संस्कृत ग्रंथ ही या देवघेवीची मोठी साक्ष. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ साली त्याचे संपादन करून १४९-५० आणि २६९-७० ही वर्षे दिली, आणि समाजमाध्यमांवर ती दगडावरची रेघ असल्यासारखी फिरत राहतात. बिल माक यांनी हस्तलिखिते पुन्हा वाचून २०१३ साली या वर्षांचा पायाच संशयास्पद ठरवला. ग्रीक मूळ त्याने पुसले जात नाही. पण नेमके वर्ष ठणकावून सांगण्याचा अधिकार मात्र जातो.

शिवाय येथे आलेले येथे तसेच पडून राहिले नाही. हेलेनिस्टिक ग्रंथांत ग्रह शुभ की अशुभ हे मुख्यतः त्याच्या स्वभावावरून आणि जन्म दिवसाचा की रात्रीचा यावरून ठरते. ‘लघुपाराशरी’ ऊर्फ ‘उडुदायप्रदीप’ वेगळाच पवित्रा घेते : ग्रहाच्या स्वभावापेक्षा त्याची मालकी मोठी. त्रिकोणाचा स्वामी शुभ फळ देतो, मग तो जन्मजात पापग्रह का असेना. तिसऱ्या, सहाव्या, अकराव्याचा स्वामी अशुभ, मग तो सौम्य का असेना. वृषभ लग्नाला शनी नवम आणि दशम अशा दोन भावांचा स्वामी होतो, त्रिकोण आणि केंद्र एकाच हाती येतात, आणि ज्याच्या नावाने तेल वाहिले जाते तोच शनी योगकारक ठरतो. ही भारतीय ज्योतिष्यांची बौद्धिक कामगिरी आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा असे नव्हे. तिचे श्रेय तिच्या कर्त्यांना द्यावे. ‘वैदिक’ म्हटल्याने तेच श्रेय त्यांच्या हातून निसटते, कारण मग त्यांनी केवळ ऐकलेले पुढे सांगितले असा अर्थ होतो.

१०/
या चिठ्ठीचे राजकारणही आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत वैदिक ज्योतिषाचे विभाग काढण्याची योजना आणली. वैज्ञानिकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली न्यायालयाने योजनेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. वाद बहुतेक ‘ज्योतिष विज्ञान आहे काय’ याभोवती फिरला. ‘ते वैदिक आहे काय’ हा तितकाच साधा प्रश्न मागे राहिला. गंमत अशी की मराठी पत्रिकांत राहू-केतूंच्या शेजारी हर्षल आणि नेपच्यून छापलेले सर्रास दिसतात. विल्यम हर्शेलने १७८१ साली इंग्लंडात दुर्बिणीतून पाहिलेला ग्रह वैदिक पत्रिकेत चालतो, आणि केंद्र-पणफराचे ग्रीक मूळ सांगितले की भावना दुखावतात.

११/
वराहमिहिराच्या भावना दुखावल्या नव्हत्या. सहाव्या शतकात तो ‘बृहत्संहिते’त मोकळेपणे म्हणून गेला की यवन म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट प्रतिष्ठित आहे आणि म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. ‘बृहज्जातका’त राशींची क्रिय, तावुरि, जितुम ही ग्रीक वळणाची नावे त्याने हातचे न राखता दिली. ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’ची पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून झाला, ही व्युत्पत्तीही तो देतो, मात्र ती ‘कित्येकांचे’ मत म्हणून. ज्योतिषाचे तीन स्कंध सांगताना या शाखेला त्याने होराच म्हटले. ते नाव आजही वापरायला मोकळे आहे.