ऑपरेशन रद्द झाले? कारण लेखी मागा

सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली की आपल्या घरात आधी मजुरीचा हिशेब होतो. धुणीभांडी करणारी बाई चार घरांना सांगून ठेवते, नाक्यावरचा कामगार आठवड्याचा रोज सोडतो, मुलांना सांभाळायला गावाहून कुणीतरी येते. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. आणि दुपारी वॉर्डात सांगतात, "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या." का, ते कुणी सांगत नाही. आपणही विचारत नाही. डॉक्टर रागावतील, पुढची तारीखही जाईल, ही भीती असते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ऑपरेशन पुढे ढकलणे हा दर वेळी अन्याय नसतो. पण कारण न सांगणे हा अन्यायच आहे.

काही वेळा ऑपरेशन रुग्णाच्या भल्यासाठीच थांबवतात. साखर वाढलेली असताना चिरफाड केली तर जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. अंगात रक्त कमी, बीपी फार जास्त किंवा ताप-खोकला असेल तर भूल देणे धोक्याचे ठरते. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून सांगितलेल्या वेळेपासून चहाचा घोटही घ्यायचा नाही. तंबाखू, बिडी निदान चार आठवडे आधी बंद करावी. एवढे आपल्या हातात आहे. पण साखर आणि रक्त आठ दिवस आधीही तपासता येते. ते ऑपरेशनच्या दिवशीच कळत असेल, तर त्याचा जाब रुग्णालयाने द्यायला हवा.

दुसरी कारणे रुग्णाची नसतात. टेबल रिकामे नाही, भूलतज्ज्ञ आले नाहीत, रक्ताची पिशवी मिळाली नाही. अपघाताचा रुग्ण आधी घेतला तर आमची तक्रार नाही. उद्या तो आपल्याच वस्तीतला असू शकतो. बाकीचा दोष मात्र व्यवस्थेचा आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या खटल्यात सांगितले, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. ठरलेल्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी असली, तरी तिथेही आपण दयेची भीक मागत नसतो.

प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या खोलीसाठी १९ प्रश्नांची यादी काढली. रुग्ण कोण, ऑपरेशन कसले, कोणत्या बाजूचे, हे मोठ्याने विचारून खात्री करायची. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरली, तेव्हा गंभीर गुंतागुंत शंभरातील ११ रुग्णांवरून ७ वर आली. डॉक्टर एकमेकांना विचारतात, मग आपण का लाजावे?

म्हणून केसपेपरवर दोन गोष्टी लिहून मागा : रद्द होण्याचे कारण आणि पुढची तारीख. कागद देत नसतील तर लेखी अर्ज करा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे मिळायला हवीत.

घरी सोडतानाही तसेच विचारा : त्रास झाला तर रात्री कुठे यायचे? जखमेतील बिघाड पुष्कळदा घरी आल्यावरच दिसतो, अगदी महिनाभरापर्यंत. ताप, जखमेभोवती लाली, पू, वाढत जाणारे दुखणे, सतत उलट्या, लघवी बंद, एका पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. धाप लागली, छातीत दुखले किंवा रक्त थांबेना, तर लगेच १०८ ला फोन करा. जखमेवर हळद, राख लावू नका.

एकट्या बाईला वॉर्डात कुणी उत्तर देत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून वस्तीतल्या महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने लिहिता-वाचता येणारे दोघे जण ठरवावेत. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी रुग्णासोबत जावे, नम्रपणे विचारावे आणि उत्तर कागदावर घेऊनच परत यावे.