एमआरआय बुरशी ओळखत नाही

२०२१ मध्ये पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात कोविडमधून बरे झालेल्या चौघांच्या मणक्यांत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आढळली. वरकरणी सारे चित्र मणक्याच्या क्षयासारखे होते.

लखनौच्या सरोजिनी नगरातील माझे शेजारी एमआरआयचा अहवाल अंतिम मानतात. मी भौतिकशास्त्रात संशोधन करतो. या यंत्राचे मला अपार कौतुक आहे. परंतु ते टिपते ऊतींमधील पाण्याच्या प्रोटॉनांचे वर्तन, जंतूचे नाव नव्हे. जिवाणूंचा संसर्ग झालेली मणक्यांमधील चकती टी-२ प्रतिमेत सहसा उजळ दिसते. बुरशीच्या संसर्गात ती कधीकधी काळसरच राहते. बुरशीतील लोह व मँगनीजचे चुंबकीय गुण हे त्याचे कारण मानले जाते. खूण मोठी सुंदर, पण भरवशाची नाही.

म्हणूनच केवळ प्रतिमा पाहून क्षयाची औषधे सुरू करण्याची आपल्याकडील सवय मला खटकते. सुईने काढलेला हाडाचा नमुना, किंवा सांध्यातील द्रव, क्षयाबरोबर बुरशीच्या संवर्धनासाठीही पाठवलाच पाहिजे. त्यास आठवडे लागतात, कधी हाती काहीच येत नाही, हे मान्य. पण क्षयाच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही आणि मणका झिजत राहतो. शिवाय त्यांतील रिफॅम्पिसिनमुळे, पुढे निदान झाल्यावर दिलेले व्होरिकोनॅझोल रक्तात पुरेसे टिकतही नाही.