मशीन सुरू झाले की सगळे बाहेर. मग फरशी कोण पुसतो?

पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेल्या कर्करोगासाठी ‘पायपॅक’ नावाचा उपचार आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखा पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि त्या दाबाखाली केमोचे औषध बारीक तुषार करून आत सोडतात. 2011 मध्ये जर्मनीत हा उपचार रुग्णांवर सुरू झाला. आता भारतातल्या मोठ्या शहरांतही होतो.

नातेवाईक घाबरून विचारतात, तुषार सोडताना डॉक्टर पेशंटला एकटे सोडून बाहेर का जातात? एकटे सोडत नाहीत. भूलतज्ज्ञ बाहेरून मॉनिटरवर लक्ष ठेवून असतात. पोटातून वायू गळत नाही याची आधी खात्री करतात, सुमारे अर्ध्या तासानंतर उरलेला वायू फिल्टरमधून बाहेर काढतात, मगच माणसे आत येतात. ही काळजी योग्यच आहे.

माझे भांडण वेगळे आहे. पायपॅकमधली सिस्प्लॅटिनची मूळ मात्रा शिरेतून देतात त्याच्या साधारण दहावा हिस्सा. त्यासाठी अख्खे थिएटर रिकामे होते. आणि पूर्ण मात्रेची बाटली आपल्याकडच्या कितीतरी छोट्या केमो वॉर्डांत सिस्टर साध्या टेबलावर, पंख्याखाली, एका जोडी हातमोज्यांवर तयार करते. तिच्यासाठी सुरक्षा कपाट नाही, कारण म्हणे परवडत नाही. महागडे औषध परवडते, ते भरणाऱ्या हातांचे संरक्षण तेवढे परवडत नाही!

पायपॅकच्या वेळी मोजमापे झाली, तेव्हा चांगल्या थिएटरमधल्या हवेत औषध सापडले नाही. सापडले ते उपकरणांवर, हातमोज्यांवर, पृष्ठभागांवर. म्हणजे धोका उरतो तो आवरणाऱ्या सिस्टरला आणि पुसणाऱ्या कामगाराला. तो बहुधा कंत्राटी. बादलीत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

‘इतकी वर्षे करतोय, कुणाला काही झाले नाही,’ हे उत्तर मी खूप ऐकले आहे. मोजलेच नाही तर दिसणार कसे? फिनलंडमध्ये मोजले. 1979 मध्ये केमो हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे अंश जास्त आढळले. 1985 च्या अभ्यासात गर्भपाताशी संबंध दिसला. आपल्याकडे कंत्राट बदलते, माणूस बदलतो, हिशेब मिटतो. शेजारच्या यवतमाळात 2017 मध्ये फवारणीने शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हाही आधी ‘त्यांनी किट घातले नाही’ असेच म्हटले गेले. मे महिन्यात वर्ध्यात प्लॅस्टिकचा गाऊन घालून बघा, मग बोला.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे हा कचरा ‘सायटोटॉक्सिक’ लिहिलेल्या पिवळ्या पिशवीत वेगळा ठेवून 1200 अंशांच्या वर जाळायचा असतो. ती पिशवी वॉर्डात दिसते का, हे तुम्हीही विचारू शकता. विचारा. सिस्टरला राग येणार नाही, उलट तिच्या मागणीला जोर मिळेल.

आणि घरी: केमोनंतर निदान 48 तास पेशंटची लघवी, उलटी हाताळताना हातमोजे घाला. भारतीय संडासात पाणी भरपूर पण हळू ओता, शिंतोडे उडू देऊ नका. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश करा. चादरी वेगळ्या धुवा. घरात सून गरोदर असेल तर ते काम तिच्याकडे देऊ नका, मुलाने करावे.